लंगडं वृत्त

ऑक्सफर्डच्या एका तळघरात, दोन काचांमध्ये
तळहाताएवढा पपायरस.
ओल्या ब्रशानं मी तंतू सरळ करते,
चिकटलेल्या शेवया सोडवाव्यात तसे.

मजकूर अडीच हजार वर्षांचा,
प्रत नंतरच्या कुणा कारकुनाची,
उकिरड्यात सापडलेली.
शिव्या मात्र ताज्या:
अंजीरचोर. उधारीच्या वहाणा. बोकडाच्या तोंडाचा...
आणि पुढे भोक.
किडीनं नेमकं नाव खाल्लं.

म्हणतात, असल्या ओळी ऐकून
तिकडे माणसं गळफास लावून घेत.
आमच्या गुहागरात शिमग्याला तोंडं सुटतात,
पण होळी विझली की पुन्हा रामराम.
या ग्रीकानं होळी विझूच दिली नाही.

वृत्त साधं: लगा लगा लगा,
बाजाराला निघालेल्या माणसाचं.
शेवटच्या पावलाला हा मुद्दाम पाय ओढतो:
गागा.
लंगडतो कवी,
आणि ठेच लागते दुसऱ्याला.

भोकाच्या कडेला उरलेलं अर्धं अक्षर
मार्चमध्ये मी ओळखलं,
पाच आठवडे भिंगाखाली डोळे फोडून.
जूनमध्ये ते डॉ. थ्वेट यांनी ओळखलं, छापून.
तळटीपेत मी: तांत्रिक साहाय्य.

किडलिंग्टनच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
तिकिटाच्या पाठीवर जुळवलं:

कुणा घरी शिजे, तुझी भरे थाळी
फुका फुगा तुझा, फुका तुझी टाळी

बोटांवर मोजलं. लंगडतंय, अगदी नीट.
शेजारच्या बाईंनी विचारलं, प्रार्थना का?
म्हटलं, जवळजवळ.

नाव तेवढं राहिलं होतं.
हाक मारून पाहिली: थ्वेटा.
गागा!
जन्मापासून जणू त्याच जागेसाठी राखलेलं.
टाळी खोडून तिथे बसवलं
आणि त्या रात्री, खरं सांगते, भात दोनदा वाढून घेतला.

रविवारी जीन्स मशीनमधून काढली
तर खिशात लगद्याची गोळी.
सवयीनं ब्रश घेतला, पाणी घेतलं,
स्वयंपाकघरातल्या ओट्यावर
तंतू तंतू सरळ केला.
उरलं ते असं:
...घरी शिजे... फुका फुगा...
आणि पुढे भोक.

वाळवून दोन काचांमध्ये ठेवलंय.
कुणाला हवा असल्यास
गेलेला पाठ मी सुचवू शकते.
तळटीपेत नाही.