पालकाची सही

सोमवारी बासष्ट फॉर्म वाटले.
गुरुवारी एकोणीस परत आले,
त्यातल्या दोनांवर भाजीचं तेल.

शीतपेटी स्कुटीवर पायांमध्ये धरून
वडवणीहून इथवर आणली.
खड्डा आला की आतल्या कुप्या किणकिणायच्या,
मागच्या बाकावरच्या मुलींसारख्या.

दुखतं का, हे कुणी विचारत नाही.
दहावीची पोरं, विचारतील कशी?
मुंजा कबड्डीचा कॅप्टन.
त्यानं बाही वर केली, सुई पाहिली
आणि म्हणाला, उद्या मॅच हाय, हात आखडंल.
त्याच्यामागं सहा जणांना
एकदम उद्याची मॅच आठवली.
त्यातला एक तर कॅरमसुद्धा खेळत नाही.

एकाच्या गळ्यात तुळशीची माळ.
"अंड्यात वाढवत्यात म्हणं हे."
कुठं ऐकलंस?
"मोबाईलवर."
मोबाईल एरवी इतकं खोटं बोलतो
की खरं बोलला तेव्हा माझीच पंचाईत.
हो म्हणाले. त्यानं गुंडी लावली,
वर मलाच थँक्यू म्हणाला.

रुखसारची अम्मी गेटपर्यंत आली,
शिवण अर्धी सोडून, गळ्यात टेप तशीच.
पोलिओ दिला, गोवर दिला, सगळं दिलं,
पण पंधराव्या वर्षी कसली लस, ताई?
लेकरं मोठी झाली ना आता.
माझी उंची मोजावी तशी बघत राहिली
आणि सही केली, उर्दूत, उजवीकडून.

मी तरी काय.
गेल्या साली माझ्या वाटची आली होती, टाळली.
कारण लिहिलं : वेळ नव्हता.
भीतीला रजिस्टरमध्ये रकाना नसतो.

शिवकन्याच्या फॉर्मवर अंगठा होता.
निळा, ताजा, बोराएवढा.
वडलांचा?
मान हलली.
वडील कुठं?
"कारखान्याला. कराडच्या पल्याड."
मग अंगठा कसा आला गं, एसटीनं?
हसली नाही. मूठ मिटली, अंगठा आत.

रेशनचा अर्ज, बँकेची स्लिप, वसतिगृहाचा कागद,
घरातलं सगळं तीच लिहिते.
फक्त स्वतःचा दंड
अजून तीन वर्षं तिचा नाही.

फोन लावला. मुकादमानं उचलला.
मग वारा, मग कोयता टाकल्याचा आवाज,
मग बाप.
"काय झालं तिला?"
काही नाही झालं.
"मग सुई कामून?"
होऊ नये म्हणून.

पलीकडं इतका वेळ काहीच नव्हतं
की वाटलं, रेंज गेली.
त्यांच्याकडं औषध येतं ते झाल्यावर.
लई झाल्यावर.
मुकादमाकडून उचल घेऊन, जीप करून.
होण्याच्या आधीच कुणी दारात येऊन उभं राहिलं
तर त्याला बसवावं कुठं?

"पैसे?"
नाहीत.
"मग द्या. ती म्हणती तर द्या."
थांबला. खोकला, दोनदा.
"ताई, इकडं येती का ती सुई?
कोप्यात सगळेच खोकायलेत."

विचारते, म्हणाले.
कुणाला, ते त्यानं विचारलं नाही.

शिवकन्या फळ्याकडं बघत होती, श्वास धरून.
सहीच्या रकान्यात मी लिहिलं :
फोनवरून. पलीकडं वारा होता.
साहेब वाचतील तेव्हा वाचतील.

शाळा सुटली. पेटीचा पट्टा आवळत होते
तर सायकल स्टँडच्या मागून मुंजा.
"सिस्टर, कुणी नसल्यावर घेतली तर चालंल का?"
आणि मॅच?
"डाव्या हातात द्या की."
फॉर्म?
तो एका पायावर उभा राहिला,
बूट काढला, मोजा काढला.
चार घड्या घातलेला, घामानं ओला,
सोमवारचीच सही.