इंजिन बंद करून

त्सेंग शुइमू यांच्या जिभेच्या कडेचा तुकडा
आमच्याकडे आला तेव्हा
तांदळाच्या दाण्याएवढा होता.
आता ते नाहीत. तो आहे,
सदतीस अंशांच्या कपाटात,
चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्याखाली.
दर तिसऱ्या दिवशी मी त्याला जेवू घालते.

एकवीस वर्षं त्यांनी
पिंगतुंगचे अननस रातोरात तैपेईला पोचवले.
डोळा लागू नये म्हणून गालात सुपारी,
हिरवी, ओली, मधोमध चिरलेली.
चिरणारी, चुना भरणारी बायको: युएह-ओ.

आज ती आली.
कागदावर सही करायची होती, ती केली,
उठली नाही.
म्हणाली, कसा वाढतो ते सांगा.

सांगितलं.
पेशीच्या रस्त्यावर नाके असतात.
एकाचे दोन होण्याआधी थांबायचं, कागद दाखवायचे:
नक्कल नीट उतरली? कुठे अक्षर गळलं?
गळलं तर दुरुस्ती,
दुरुस्त होत नसेल तर मरायचं, मुकाट.
तिथे एक पहारेकरी असतो,
त्याचं नाव एक अक्षर, दोन आकडे.
यांच्या पेशींत तो खुर्चीत ठळक दिसतो,
फक्त हात वर करत नाही.

‘पहाटे तीनला वजनकाट्यावर असंच असतं,’ ती म्हणाली,
‘फाटक उघडं, आत टीव्ही चालू.’

मग औषध?

औषध धावत्या गाड्या पकडतं.
पण शंभरात दोन-तीन अशा असतात
ज्यांना घाई नसते.
दिवे मालवून, इंजिन बंद करून
रस्त्याच्या कडेला उभ्या.
औषध शेजारून निघून जातं.
महिने जातात, सगळे सुटकेचा श्वास टाकतात,
आणि मग त्यातली एक
किल्ली फिरवते.

ती बराच वेळ बोलली नाही.
‘उशीर झाला की मी फोन करायचे.
म्हणायचा, कडेला लावलीय गाडी,
डुलकी काढतोय.’

सूक्ष्मदर्शकावर तिची उंची पुरेना,
स्टूल दिलं.
‘यातला कोणता झोपलाय?’
रंग घातल्याशिवाय मलाही कळत नाही, मी म्हणाले.
दिसायला सारखेच.

‘चुना मीच लावायचे.
त्यालाही, गिऱ्हाइकांनाही.
कोणी कोणाला...’
वाक्य तिनं तिथंच ठेवलं, चष्मा पुसला.

जाताना दारात वळून विचारलं,
खायला काय देता त्याला?
साखर, क्षार. आणि वासराच्या रक्ताचा निवळ.

‘वासराच्या?’
तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.
‘त्याच्या बापाची शेती बैलानं ओढली.
गाईबैलाचं मांस
त्यानं उभ्या जन्मात तोंडात घेतलं नाही.’

कागदावर हे कुठे विचारलेलं नव्हतं.

टेबलावर तिनं आणलेली जांबांची पिशवी.
गुरुवारी बाटली बाहेर काढली,
नळी भरली,
आणि हात हवेत
थोडा थांबला.

मग दिलं. नेहमीएवढंच.