जाती: तपासणी बाकी

दाणाबंदरच्या सात नंबरच्या गोदामातून
परवा एक बाटली आली, तोंडाला फडकं बांधलेली.
तळाशी मूठभर तांदूळ,
आणि तांदूळ नसलेलं काहीतरी
त्यातून चालत होतं.

तळपदे मॅडम म्हणाल्या, आधी फॉर्म भर.
मी म्हटलं, आधी बघते.

लांबी तीन मिलिमीटर, सोंड सोडून.
सोंड मोजायची नाही असा नियम आहे.
हत्तीला कुणी लावला नसता.
रंग तपकिरी, काळ्याकडे झुकलेला,
तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा.
मानेवर खळगेच खळगे, देवी येऊन गेल्यासारखे.
पाठीवर चार तांबूस ठिपके,
दोन खांद्यांशी, दोन खाली,
बंद गाळ्याच्या फटीतून आतला दिवा दिसावा तसे.
वरचे पंख ढालीसारखे टणक,
खाली दुसरे, घडी घातलेले, धुवट मलमलीचे.
म्हणजे उडता येतं.
पण पायाखालीच जेवण असलेला कशाला उडेल?

मिशा कोपरात वाकलेल्या, टोकाला गाठ.
आणि सोंड म्हणजे नाक नव्हे,
लांबवलेलं तोंडच ते, अगदी टोकाला जबडा.
नराची आखूड, जाड, खडबडीत.
मादीची लांब आणि बारीक, तिला सुईचं काम असतं:
दाण्याला भोक पाडायचं, एक अंडं ठेवायचं,
अंगच्याच डिंकानं भोक बुजवायचं.
बाहेरून दाणा अखंड, नैवेद्याला चालेल असा.
आत बिनपायाची अळी.
जन्म, जेवण, झोप, कोष, सगळं एकाच खोलीत,
बाहेर पडायचं ते भिंत खाऊन.
लालबागला आमच्या नऊ जणांच्या खोलीत वाढलेल्या मला
यात नवल वाटलं नाही.

चिमटा लागला तसे सहाही पाय पोटाशी.
मेल्याचं सोंग.
सोंडेपासून सोंगापर्यंत एका अक्षराचं अंतर.

मग फॉर्म.
संघ: संधिपाद.
वर्ग: कीटक.
गण: ढालपंखी.
कुल: सोंडकिडे.
जाती:

इथे पेन थांबलं.
तांदळातला सोंडा आणि मक्यातला सोंडा
वरून सारखेच. तेच ठिपके, तेच खळगे.
तांदळाचा मक्यात सापडतो, मक्याचा तांदळात.
नाव पडलं खाण्यावरून,
आणि खाणं तर मिळेल ते.
खात्री हवी तर पोट फाडायचं:
नराच्या आत एक बाक, गुळगुळीत की दोन चऱ्यांचा,
मादीच्या आत एक दुफाटा, टोकं गोल की अणकुचीदार.
एवढ्यावर जात ठरते.

दुसरा नमुना आणायला मी स्वतः गेले.
गोदामाच्या दारात गोजराबाई
ट्रकमधून सांडलेलं झाडून गोळा करत होती,
गहू, खडे, ज्वारी, सुतळी.
विचारलं, हे किती प्रकारचे असतात?
"टोके व्हय? दोन.
उन्हात टाकलं की पळत्यात ते एक.
दुसरे पळत न्हाईत, ते अजून आत असत्यात."
सुपाला तीन झटके दिले,
माझ्या बाटलीत अकरा किडे, एक दाणा नाही.
आमच्या चाळण्यांना हे जमत नाही.

"पूर्ण नाव सांगा, नोंदवहीत लिहायचंय."
"गोजरा लिव."
"पुढे?"
तिनं झाडू उलटा करून दगडावर आपटला, काड्या सारख्या केल्या.
"पुढलं यावरनं कळतं की समद्यांना.
आमाला फाडून बघाया लागत न्हाई."

मी गोजरा लिहिलं. पुढची रेघ कोरी ठेवली.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, झालं का?
काचेवरचा एक पाय उलगडत होता, मग दुसरा.
सुई माझ्या हातातच होती.
चौकटीत लिहिलं: तपासणी बाकी.
उद्या करावीच लागेल, जहाज थांबलंय.

डब्यात भात होता.
तांदूळ आईनं निवडलेला, जाड चष्मा लावून, खिडकीशी.
मी तो न बघता खाल्ला.