शेवटचे दहा घाव

आचऱ्याच्या खाडीत सतरा नंबरचा पाइल
पहिले नऊ मीटर स्वतःच्याच वजनाने गेला,
घण नुसता वर टांगलेला.
मग चार टनांचा घण, सव्वा मीटरची उडी,
आणि खडूने मी ओढलेल्या रेघा
एकेक करून पाण्याखाली.

दहा घावांत बासष्ट मिलिमीटर.
सूत्रात घातलं : हव्या त्या भाराच्या निम्माही नाही.
वहीत लाल पेनाने लिहिलं.
बार्जच्या कडेला विडी विझवत बाबी तारी म्हणाला,
"हललेलो चिखल हा. रवांदे आठ दीस."

सूत्रात रवांदे नाही.
त्यात घणाचं वजन आहे, उडी आहे,
लाकडी उशीत मुरलेला धक्का आहे,
पाइलचं क्षणभर आखडून पुन्हा लांब होणंही आहे;
आणि शेवटी अडीचने भागायचं,
म्हणजे जे ठाऊक नाही
त्यालाही एक आकडा द्यायचा.

आठ दिवस मी नुसती भरती-ओहोटी पाहिली.
कालवं काढणाऱ्या बायका सतरालाच होडी बांधून
निर्धास्त चिखलात उतरायच्या.

नवव्या दिवशी पहिल्याच घावाला आवाज वेगळा.
परवाचा धप्प नव्हे,
कोरडा, दाढेत जाणारा ठक.
दहा घावांत अकरा मिलिमीटर.
बाबी तोवर अठराची साखळी लावायला गेलेला.

लाल आकडा मी खोडला नाही.
शेजारी काळ्याने नवा लिहिला,
आणि मधे, जिथे रकानाच नाही,
बारीक अक्षरात : आठ दिवस.

कणकवलीहून आलेल्या साहेबांनी
नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"हे काय?"
खाली ओहोटी लागली होती.
होडीची दोरी ताणत ताणत
सतराला घट्ट झाली.