अकरा मिनिटं

सिर्कूने वही हातात दिली, म्हणाली, जा,
त्या बाकाशी उभा राहा, ऊन मोजून आण.
बावीस फेब्रुवारी. ताम्पेरे. उणे चौदा.
पेनातली शाई गोठली, मग पेन्सिल.

गिरणीच्या लाल धुराड्यामागून सूर्य निघाला
दुखण्यातून उठलेल्या माणसासारखा, भिंत धरत धरत,
आणि विटांच्या तीनमजली घरांसमोर
त्या एका बाकावर टेकला.
तिथे ओस्मो आधीच बसलेला,
टोपी मांडीवर, डोळे मिटलेले, हनुवटी वर,
जणू कुणी त्याची दाढी करतंय.
चाळीस मिनिटं. मी लिहून घेतलं.

माझ्या भाषेत सावली मागतात.
डोक्यावर असू दे म्हणतात, गेली की पोरकं वाटतं.
इथे मी सावलीचा नकाशा काढत होतो
पूररेषा काढावी तसा:
पंचाहत्तर मीटर उंची, सव्वादोनशे मीटर सावली,
तिच्यात बालवाडीची वाळू, पावाचं दुकान, सतरा खिडक्या
आणि बाक.
चाळीसमधून चाळीस गेले.

उंच तर बांधायचंच, सिर्कू म्हणाली,
नाहीतर हीच दोनशे कुटुंबं
तळ्यापलीकडचं रान तोडून पसरतील,
घरटी दोन गाड्या, दुधासाठी नऊ किलोमीटर.
तिने इमारत वळवली. बारीक केली.
वायव्येचा खांदा सहा मजले उतरवला.
पायथ्याशी शेजारच्या घरांच्या पागोळीइतकाच
एक ठेंगणा मजला पुढे काढला, कारण
पंख्यासमोर मॉडेल ठेवून आम्ही भोवती रवा पसरला होता
आणि एका कोपऱ्यातला रवा क्षणात उडून गेला:
तिथे बसथांबा होता.

लेहतोला, ज्याचे पैसे, त्याने विचारलं,
या खांद्यात माझे नऊ फ्लॅट गेले. बदल्यात काय?
अकरा मिनिटं, सिर्कू म्हणाली.
कुणाची?
तिने माझी वही त्याच्यापुढे सरकवली.
तो बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला,
पेन्सिलीने लिहिलंय.

चार वर्षं लागली.
स्प्रूसची लाकडं, थरावर थर चिकटवलेली,
चाळीस किलोमीटरवरून आली.
जिन्यात अजून राळेचा वास येतो,
थंडी वाढली की रात्री तुळई कट्‌ वाजते
आणि सोळाव्या मजल्यावरची बाई आम्हाला फोन करते.
नऊ फ्लॅट गेलेच. लेहतोला अजून हिशेब सांगतो.
बालवाडीच्या वाळूला जानेवारीत काही मिळत नाही,
तेही लिहून ठेवलं पाहिजे.

पुन्हा बावीस फेब्रुवारी आली, तर आभाळ भरलेलं.
तेवीसला मी गेलो.
ओस्मो होता. काठी नवी, टोपी तीच.
मी सांगितलं मी कोण. तो म्हणाला,
तुमच्या त्या लाकडी पेटाऱ्याने माझं घड्याळ झाकलं.
पलीकडच्या चर्चचं. त्यावर मी गोळी घ्यायचो.

घड्याळ आमच्या नकाशात नव्हतं.
वाऱ्याचा वेग होता, कार्बन होता,
पक्षी आपटू नयेत म्हणून काचेवरचे ठिपकेसुद्धा होते.
घड्याळ कुणी विचारलंच नव्हतं,
मी चाळीस मिनिटं त्याच्या शेजारी उभा राहूनही.

आम्ही गप्प बसलो. ऊन होतं.
त्याच्या गालावरच्या पांढऱ्या खुंटांवर होतं,
माझ्या हातमोज्यावर होतं.
मग इमारतीची कड बर्फावरून सरकत आली,
निळी, सरळ, आमच्याच पट्टीने आखलेली,
आधी काठीच्या टोकाला लागली,
मग बुटाला.
ओस्मोने खिशातून डबी काढली,
गोळी जिभेवर ठेवली, पाण्याशिवाय गिळली.
आता हिच्यावर घेतो, म्हणाला,
पण ढग असले की चुकते.

मी वही उघडली,
ती ओळ पेनाने लिहावी म्हणून.
शाई गोठलेली होती.