चार बोटं खाली

फार्गो मागून उंच होती, पहिल्यापासून.
रिकामी असली की अंडं घालायला जागा शोधणाऱ्या
कोंबडीसारखी.
दीड टन साग चढला की मगच
तिचं बूड जागेवर यायचं
आणि अप्पा म्हणायचे, आता दिसते गाडीसारखी.

वखार बंद होऊन अकरा वर्षं झाली.
टिंबर मार्केटात त्या जागी प्लायवूडचं शोरूम आहे,
काचेचं दार, आत वास कशाचाच नाही.
गाडी राहिली. सत्तावन्नची, बाटलीहिरवी,
शिंक आल्यासारखी सुरू होणारी.

भवानी पेठेत, दस्तगीर मिस्त्रींच्या गाळ्यावर
मी म्हटलं, मागून खाली घ्यायची.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"फॅशन?"
नाही.
"इथून हडपसरला सतरा स्पीडब्रेकर आहेत, ताई.
मी मोजलेत. दोन तर डोंगरच."
मी हाताची चार बोटं आडवी धरून दाखवली.
एवढीच.

यू-बोल्ट रात्रभर डिझेल पीत राहिले.
सकाळी पान्याला पाइप जोडून
मिस्त्री आणि त्यांचा भाचा अल्ताफ, दोघं लोंबकळले
तेव्हा पहिला नट हलला,
कचेरीतल्या साहेबासारखा,
आधी मुळीच नाही, मग एकदम.

नऊ पाटे.
फोटोसाठी उंचीप्रमाणे उभी केलेली भावंडं.
मधला बोल्ट सुटला तशी ती ठण्णकन
एकमेकांपासून दूर झाली
आणि फटींतून भुसा पडला,
ग्रीसमध्ये मुरलेला, काळपट,
वड्या पडाव्यात तसा.
अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत,
शेजारच्या रसवंतीतून मागून आणलेल्या.
चिमूटभर मागितला. चोळला. नाकाशी नेला.
"दांडेली."
दुसरी चिमूट.
"हा साग नाही. शिसव. ओगल्यांच्या पलंगाचा.
शंभर रुपये राहिलेत त्यांच्याकडे."

दोन पाटे बाहेर निघाले.
त्यांनी तीन बोटं दिली.
चौथ्यासाठी ठोकळा लागेल, मिस्त्री म्हणाले,
एक्सल आणि कमानीच्या मधे.
"सागाचा देतो," अप्पा.
"लाकूड दबतं, साहेब."
"माझं नाही दबत."
यावर कुणी काही बोललं नाही.
अल्ताफ हसू गिळत लोखंड कापायला गेला.

मिस्त्रींना कारण मी सांगितलंच नव्हतं.
अप्पांचे दोन्ही गुडघे बदलून झालेत
आणि दिवाळीपासून एकच धोशा:
फाळका उघडून मागे बसायचंय,
गिऱ्हाईकाची वाट बघत बसायचो तसं.
डॉक्टर म्हणाले, बसू दे की,
पण पाय लोंबकळता कामा नयेत.
मी घरी स्टुलावर
वखारीच्या जुन्या चोपड्या रचून उंची काढली होती.
एकोणीसशे ब्याऐंशी ते शहाऐंशी
काढून ठेवल्या तेव्हा टाचा टेकल्या.

जॅक उतरला. शॅकल करकरले, मग गप्प.
गाडी बसली.
फाळका साखळ्यांवर आडवा झाला,
अप्पांना आम्ही वळवून टेकवलं.
उजवी चप्पल जमिनीला लागली.
मग डावी, पण टाच जराशी अधांतरी.
मिस्त्री वाकले,
टायरची हवा बघतात त्याच डोळ्यांनी पाहिलं.
"अर्धं बोट राहिलं."
"राहू दे," अप्पा म्हणाले,
"माल चढला की बसेल."

आणि मागे हात टाकून
पत्र्यावर दोन थापा मारल्या,
धप धप, चल, जाऊ दे.
पुढे केबिनमध्ये वायर चाचपत बसलेल्या अल्ताफचा,
वखार कधीच न पाहिलेल्या अल्ताफचा,
हात किल्लीवर गेला.