धुतलेलीच वाटी

शेंद्र्याच्या तिसऱ्या गेटला माझी टपरी.
दिवसाला चारशे कट.
शिफ्ट सुटायचा भोंगा झाला
की हात माझे राहतच नाहीत,
पातेल्याचे होतात, गाळणीचे होतात.

मोरिताबाई मशीन बसवायला आलेल्या.
दोन महिने माझाच चहा प्यायल्या, उभ्यानं,
सगळ्यांसारखा.
जायच्या आदल्या दिवशी खिल्लारे सांगत आला,
"दैवशालाबाई, त्या म्हणतात
आता तुम्ही बसा. त्या करतील."

स्टोअररूममध्ये सतरंजी.
बेअरिंगच्या खोक्यावर एक वाटी,
एका अंगानं ओबडधोबड,
जणू कुंभाराला मधेच कुणी हाक मारली.
बांबूची पळी. हिरवी पूड.
आणि घडीचा फडका, तो त्यांनी असा उलगडला
जसं झोपल्या लेकराचं अंगडं काढावं.

पुसलेलीच वाटी पुसली.
धुतलेलीच धुतली.
मी मनात म्हणलं, बाई,
आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो.
टँकरमागं पळताना अंगठा फुटलाय माझा,
आणि तुम्ही तांब्याभर पाणी
नुस्तं वाटी ऊन करायला?

पण थेंब सांडला नाही.
पळीतून पडताना त्याचा आवाज आला.
गार पाण्याचा वेगळा, उकळत्याचा वेगळा,
जाडसर, मऊ.
बावीस वर्षं पाणी उकळते मी.

बाहेर भोंगा झाला.
माझे पाय उठले.
मोरिताबाईंनी मान वर केली नाही.
पाय परत बसले.

वाटी दोनदा फिरवायची.
तिची देखणी बाजू आपल्या ओठाला लावायची नाही.
का? खिल्लारेलाही नीट सांगता येईना.
चव म्हणाल तर शेपू उकडल्या पाण्याची.
मागाहून गोडसर, खोटं नाही बोलत.
आणि शेवटचा घोट आवाज करून ओढायचा म्हणे,
संपला हे कळावं म्हणून.

नवी नवरी असताना
फुर्रर्र केलं म्हणून सासूनं
हातातली बशी हिसकली होती माझ्या.
तो घोट मी असा ओढला
की खिल्लारे दचकला.
बाई पहिल्यांदा हसल्या, दात दाखवून.

वाटी विसळलेलं पाणी घेऊन त्या उभ्या राहिल्या,
इकडंतिकडं बघत.
मी दाखवलं, टपरीमागचा कडुनिंब, वीतभर.
दोघी जाऊन घातलं.

मी बदलले बिदलले काही नाही.
उधारीवाल्या फोरमनशी आजही भांडते.
फुटक्या ग्लासाचे पैसे पोऱ्याच्या पगारातून कापते,
मग रात्री झोप येत नाही, मग देऊन टाकते.
फक्त पहाटे, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी
एक कप करते. माझा. बसून.
पळीनं, जरा उंचावरून,
स्टोव्ह बारीक करून, ऐकू यावं म्हणून.

परवा वॉचमन शेषराव विचारत होता,
"काय बाई, बोलत नाही? बरं नाही का?"
मी म्हणलं, थांब.
पडतंय.